उखर्डूची कार्डं

मला उकिरड्यावर कोणी टाकलं नाही. वाचून तुम्हाला हसू येईल, पण लहानपणी मला या गोष्टीचा फार राग होता. माझ्या मायची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून मोठा भाऊ जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं त्याला टाकलेलं पोर म्हणून उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन मायलाच परत विकलं. देवाला वाटावं की हे पोर टाकाऊ आहे, याला नेऊन काय करायचं. आमच्या खानदेशात उकिरड्याला उखर्डा म्हणतात, म्हणून त्याचं नाव उखर्डू. माय पाहुण्यांपुढं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायची, “हाऊ मना इकत लियेल पोऱ्या शे.” मी नंतर आलो. तोवर मायची भीती गेलेली. मला सरळ खाटेवर ठेवलं आणि भीमराव असं धुतलेलं नाव दिलं. शाळेत पोरं उखर्डू नावाला हसायची, आणि मला वाटायचं, इतकं घाण नाव ठेवण्याएवढा जीव माझ्यावर कोणी लावलाच नाही.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर दोन खणांचं, धाब्याचं. मागं दुसऱ्याचा केळीचा मळा होता. वारा सुटला की ती पानं रात्रभर अशी फडफडायची, जसं कोणी ओलं धोतर झटकतंय. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते बैलांशी जास्त बोलायचे, आमच्याशी कमी. गावात गिरणी एकच, तुकाभाऊची, तेलाच्या इंजिनावर चालणारी. तिचं पुकपुक थांबलं की गावाला एकदम ऐकायला यायला लागायचं, कोणाची म्हैस रेकते, कोणाची सासू. खाणं साधंच. वांगी निघाली की काडीवर भाजून भरीत, वर कांद्याची पात. मांडे फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा उखर्डू आला की. मांड्यांचं खापर चुलीवर पालथं पडलं की मी ओळखायचो, तो येतोय. पुरण मलाही मिळायचं, मी उपाशी राहिलो असं नाही. पण माझ्यासाठी म्हणून खापर कधी निघालं नाही. मी कुठं गेलोच नव्हतो, मग येणार कुठून?

भाऊ सातवी झाला आणि धुळ्याला एका तेलाच्या कारखान्यात लागला. मी चौथीत शाळा सोडली आणि आबांच्या मागं औताला लागलो. कोणाला काय जमतं ते पाहून ठरलं असणार, पण मला विचारलं नव्हतं. तो गेल्यावर त्याची कार्डं यायला लागली. आमच्या गावाला पोस्ट नव्हतं. डाकवाला लोटनभाऊ मोठ्या गावाहून सायकलीवर यायचा, आणि गल्लीगल्लीत फिरायचा कंटाळा म्हणून सगळ्या गावाची पत्रं गिरणीच्या दारातल्या तारेच्या आकड्याला टोचून जायचा. ज्याचं असेल त्यानं काढून न्यावं. त्यामुळं आमच्या गावातल्या प्रत्येक कार्डाला मधोमध भोक असायचं आणि एखादा शब्द त्या भोकात गेलेला असायचा. वाचणाऱ्यानं तो आपल्या मनानं भरायचा. आमच्या घरी वाचणारा मी. ‘तीर्थरूप आबांस व मातोश्रीस’ इथपासून मी एकेक अक्षर ढेकळासारखं फोडत जायचो, आणि माय कपाळाला हात लावून म्हणायची, “तू वाचस तं मना उखर्डू आजारी वाटस.” वाचून झालं की ती कार्ड माझ्या हातातून घेऊन देवळीत ठेवायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण येताजाता ती त्या कार्डाकडं बघायची. मी दिवसभर शेतात राबून दारात उभा राहिलो तर म्हणायची, पाय धू. एकदा मी गिरणीवर चारचौघांत बोलून गेलो, “एक दिवस ही कार्डं बंबात घालतो बघा.” सगळे हसले. मीही हसलो. पण लोक हसलेलं विसरतात आणि बोललेलं लक्षात ठेवतात.

दिवाळी झाली आणि कार्डं विरळ झाली. मग बंदच झाली. माय दळणाची पाटी घेऊन गिरणीवर जायची आणि दळण नसलं तरी जायची. लोटनभाऊला विचारलं तर तो म्हणायचा, “मी पिशवी रिकामी करतो, वहिनी. कोणाचं काय आलं ते वाचत बसलो तर माझी सायकल घरी कधी जाईल?” असं करता करता आखाजी आली. गावातल्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, लिंबाखाली गाणी सुरू झाली, आमच्याकडं खापर निघालं आणि भाऊ आला. अंगात टेरिलिनचा सदरा, केसाला वासाचं तेल, आणि तोंडात धुळ्याची शुद्ध भाषा. मला त्या भाषेचासुद्धा हेवा वाटला. मायनं त्याच्या पुढ्यात आमरसाची वाटी ठेवली आणि विचारलं, “उखर्डू, कार्ड काब्रं नही टाकत रे?” म्हणजे का टाकत नाहीस. त्यानं मांड्याचा घास मोडला, रसात बुडवला आणि म्हणाला, “नाही कसं? मी तर दर आठवड्याला टाकतो. तुम्हाला मिळत नाहीत?” मायनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आबांनी पाहिलं. मग भावानंही पाहिलं.

मी खूप बोललो. मी नाही घेतली, कशाला घेऊ, मला काय करायची. जितकं बोललो तितका चोर दिसलो. माय म्हणाली, “मनी आन घे.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिनं मान हलवली, आणि पुढच्या डाकेच्या दिवशी माझ्या आधी जाऊन गिरणीच्या दारात बसली. शिवी दिली असती तर मला सोसली असती. पण ती माझ्याशी तशीच वागायची, वाढायची, अंथरूण घालायची, फक्त मी घरात शिरलो की एकदा देवळीकडं नजर टाकायची, जुनी कार्डं जागेवर आहेत ना. गावानं तर मजाच केली. तुकाभाऊ इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारायचा, “काय भीमा, आज न्याहारीला कार्ड का पाकीट? चहात बुडवून खातो का कोरडंच?”

मध्येच सांगतो. आता मी जळगावात मुलाकडं राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या सुभद्राला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. घरात करमत नाही म्हणून दिवसभर खाली जिन्यापाशी खुर्ची टाकून बसतो. तिथंच माझ्याहून म्हातारे चौधरी बसतात. त्यांची बायको जिवंत आहे. बारा वाजले की ती वरून हाक मारते, अहो, जेवायला. ते मुद्दाम पहिल्या हाकेला उठत नाहीत. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटतो की मी तोंड फिरवून बसतो. खरं बोलायचं तर मला सुभद्राचाही हेवा वाटतो. ती आधी गेली, सुटली. हे मागं राहून बसणं तिच्या वाट्याला आलं नाही. तर मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतून कोणाकोणाची पार्सलं जायला लागली. कुरिअरवाला जिन्यात ठेवून जातो आणि माणूस येईपर्यंत गायब. सेक्रेटरीनं बैठक घेतली, कॅमेरा लावायचा ठरलं, नंबर सांगितल्याशिवाय पार्सल सोडू नका असं ठरलं, आणि मग तो मला फार गोड आवाजात म्हणाला, “आजोबा, तुम्ही तर दिवसभर खालीच असता ना?” सगळ्यांच्या माना वळल्या. त्या वळलेल्या माना मी ओळखतो. सून माझ्या बाजूनं भांडली, पोरगी तिखट आहे. मी गप्प वर आलो आणि दुसऱ्या दिवशी नातवाची वही मागून हे लिहायला बसलो.

तर मी ठरवलं, चोर आपणच पकडायचा. वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणला, छिन्नीनं वरच्या अंगाला कार्ड जाईल एवढी फट पाडली, झाकणाला कडी-कोयंडा बसवला, चोपड्याच्या बाजारातून कुलूप आणलं आणि तारेचा आकडा उपटून त्या जागी डबा ठोकला. किल्ली एकच. ती काळ्या दोऱ्यात ओवून मायच्या गळ्यात घातली. लोटनभाऊ कुरकुरला, “सरकारनं मला सायकल दिली नाही अन् तू मला डबा देतो का?” पण टाकायला लागला. डाकेच्या दिवशी माय सगळ्यांसमोर कुलूप काढायची, आणि ज्याला वाचता येतं तो नावं वाचायचा. गावाला डबा फार आवडला. कोणाची लग्नपत्रिका भोक न पडता आली, कोणाच्या जावयाचं पाकीट कोणी न उघडता मिळालं. पाटलांनी माझी पाठ थोपटली. फक्त आमचं कार्ड काही निघेना. तेव्हा तुकाभाऊनं डोकं चालवलं. म्हणाला, “अरे, डबा कोणी बनवला? भीमानं. मग दुसरी किल्ली कोणाकडं असंल?” बायका हसल्या. माझं कुलूप माझ्याच तोंडाला लागलं.

मी हटलो नाही. धुळ्याला जाणाऱ्या माणसाबरोबर भावाला निरोप पाठवला की पोस्टात टाकूच नको, कार्ड चोपड्याच्या बसच्या ड्रायव्हरजवळ दे, मी फाट्यावर उभा राहतो. आणि राहिलो. धूळ उडवत बस यायची, मी हात करायचो, ड्रायव्हर खिडकीतून मान हलवायचा आणि गिअर टाकायचा. इकडं भाऊ सणावाराला यायचा तेव्हा त्याच्या त्या हरवलेल्या कार्डांत काय काय निघायला लागलं. पोळ्याला का आला नाही? “कार्डात कळवलं होतं की, सुट्टी नाही.” आबांच्या पायाला कुळव लागला तेव्हा विचारपूस का केली नाही? “सविस्तर लिहिलं होतं.” मायला लुगडं कबूल केलं होतं, त्याचं काय? “कोणता रंग हवा ते कार्डात विचारलं होतं. उत्तर नाही, म्हणून आणलं नाही.” मायनं माझ्याकडं पाहिलं. आता तिचं लुगडंही मीच खाल्लं होतं.

ज्वारी आणि तूर निघाल्यावर मी आबांना बाजाराचं सांगून थेट धुळ्याची बस धरली. जाताना आतून पेटलेला होतो. धुळ्याचं पोस्ट गाठायचं, साहेबापुढं उभं राहायचं आणि विचारायचं, आमची कार्डं कोण खातंय. कारखान्याच्या फाटकावर भावाला गाठलं. तो मला घेऊन स्टँडाजवळच्या खानावळीत गेला. शेवभाजी मागवली. रस्सा असा लाल की बघूनच घाम यावा.

मी म्हटलं, “भाऊ, तू कार्ड कोणत्या पेटीत टाकतो ती मला दाखव.”

“कशाला?”

“तिथून सुरुवात करतो. तुझ्या पेटीपासून आपल्या डब्यापर्यंत एकेकाला विचारत जातो. आज चोर घेऊनच घरी जाणार.”

त्यानं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि बराच वेळ बुडवूनच ठेवला. मग खाली बघत म्हणाला, “भीमा, तू तो डबा काढून टाक.”

“का?”

“तुझ्या डब्यानं माझी पंचाईत झाली. आकडा होता तेच बरं होतं. आकड्यावरून कार्ड कोणीही नेलं असेल. कुलपातून कसं जाईल?”

मी चौथी शिकलेला माणूस. मला वेळ लागला. पाव त्याच्या हातातून गळून रश्श्यात पडला तेव्हा मला कळलं.

“तू लिहीतच नाहीस.”

“काय लिहू सांग. सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा. आधी लिहिलं. मग एक आठवडा राहिलं. मग लिहायला बसलं की आधी न लिहिल्याचं लिहावं लागायचं, ते जमेना. आखाजीला माय विचारायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.”

“आणि चोर मी.”

“मी तुझं नाव घेतलं नाही, भीमा. मी नुसतं विचारलं, मिळत नाहीत का. तुझ्याकडं आधी मायनं पाहिलं.”

हे खरं होतं. म्हणूनच मी ताट सरकवून दिलं. मारावंसं वाटलं नाही, हे अजून आठवतं. उलट मला हेवाच वाटला. जिला रोज समोर बघून मी अर्धा झालो, तिला हा माणूस विसरू शकत होता. आणि विसरूनही तोच लाडका.

पण बसमध्ये बसलो आणि हळूहळू असा आनंद चढला की विचारू नका. मी सुटलो होतो. आता घरी जायचं, सांगायचं आणि मायचा चेहरा बघायचा. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही. सुभद्रा असती तर या ओळीवर तिनं लाटणं दाखवलं असतं.

माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा उचलल्या आणि एका दमात सांगितलं, “माय, भाऊ कार्ड लिखसच नही.”

तिचा हात थांबला नाही. “माले माहीत शे.”

“कवयपाईन?” कधीपासून?

“तू डबा ठोका तवयपाईन. किल्ली मना गळामा, डबा रिकामा. मी काय येडी शे का?”

“मंग तू माले चोर का म्हनस?”

तिनं टरफलं सुपात ओढली, दाणे वेगळे केले आणि शेवटी म्हणाली, “कार्डं तू लियात आसं म्हनं, तं तेनी लिखात आसं व्हस.” तू घेतलीस म्हटलं की त्यानं लिहिली असं होतं. आणि मग माझ्याकडं न बघता, जसं मीठ मागावं तसं म्हणाली, “ऱ्हाय ना थोडा दिन चोर. तुनं काय जास? तू चोर ऱ्हायना तरी सांजले घरच येशी.”

मी उठून गोठ्यात जाऊन बसलो. बैल माझ्याकडं बघत होते आणि मला त्यांचाही राग येत होता. पुढं कित्येक वर्षांनी हे सुभद्राला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला त्यांनी हक्काचं मानलं.” मी म्हटलं, “हक्काचं म्हणजे फुकटचं.” ती हसली नाही. म्हणाली, “तसंही असंल.” तिचं हेच मला आवडायचं. ती माझी समजूत घालायची नाही.

नंतरचा डाकेचा दिवस आला. मी आपल्या पायांनी गिरणीवर गेलो. मनात पक्कं होतं की आज गावासमोर बोलायचं, मग मायला काय वाटायचं ते वाटो. लोटनभाऊ पत्रं टाकून गेला होता, दळणाला आलेल्या बायका पाट्या घेऊन थांबल्या होत्या आणि तुकाभाऊनं पट्टा बदलायला इंजिन बंद केलेलं. मायनं गळ्यातली किल्ली काढली, डबा उघडला. ज्याची त्याची पत्रं वाटून झाली. मग तिनं हात पुन्हा आत घातला आणि डब्याच्या तळाशी बोटं फिरवत राहिली. तिला माहीत होतं की आत काही नाही. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तरी बोटं फिरत होती.

तुकाभाऊ म्हणाला, “काय भीमा, पचलं का?”

बायका हसल्या. मायनं वर पाहिलं. त्या नजरेत या वेळी संशय नव्हता. भीती होती. मी आता बोलेन, हे तिनं ओळखलं होतं.

मी म्हटलं, “हो. मीच घेतलं.”

तुकाभाऊच्या हातात पट्टा तसाच राहिला. मी म्हटलं, “दोन्ही अंगांनी भरून लिहिलेलं होतं. पत्त्याच्या बाजूलासुद्धा जागा सोडली नव्हती.”

इथं थांबलो असतो तर भागलं असतं. पण मायनं डब्यातून हात काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “काय लिखेल व्हतं रे?”

याचा मी विचारच केला नव्हता. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. उखर्डू काय लिहील ते मला सुचेना, म्हणून जे तोंडात आलं ते बोललो. “लिखेल व्हतं, माय, कोनी भाकर थापी ऱ्हायनं की मी रस्तामा उभा ऱ्हाई जास. माले वाटस, तूच शे.”

मायचा पदर डोळ्यांना गेला. पदराला पीठ होतं, ते तिच्या गालाला लागलं. “मना उखर्डू,” ती म्हणाली. बाकीच्या बायकांचे आवाज लगेच मऊ झाले. पोरगा असावा तर असा, लांब राहूनही आईची भाकर विसरला नाही. आणि त्यातली एक माझ्यावर ओरडली, “मेल्या, असं कार्ड चोरताना तुले लाज नही वाटनी?”

धुळ्यात भाऊ भाकरीच्या आवाजाला थांबत होता की नाही, मला माहीत नाही. मी थांबायचो. रोज संध्याकाळी शेतातून आलो की भिंतीआड उभा राहायचो, तिची शेवटची भाकर होईपर्यंत. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगता येणार नव्हतं, कारण ते उखर्डूनं लिहिलं होतं.